ऊन फुकट, वीज उधार

दापोलीत आता शेअर बाजाराचं अप्रूप कुणाला राहिलेलं नाही. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले प्राध्यापक, मे संपताना हातात आंब्याचे पैसे आलेले बागायतदार, मुरूड-कर्द्यात पर्यटकांसाठी खोल्या बांधणारे तरुण, किनाऱ्यालगतची वडिलोपार्जित जमीन विकून एकरकमी पैसा आलेली घरं. डीमॅट खातं या सगळ्यांकडे असतं. आणि त्यांच्या बोलण्यात एक समज पक्का होत चालला आहे: कोळसा जाणार, सूर्य आणि वारा येणार, तेव्हा सौर आणि पवन कंपन्यांचे शेअर आत्ताच घेऊन ठेवावेत. सरकार पाठीशी आहे, जग त्याच वाटेने निघालं आहे, वर पर्यावरणाला हातभार लावल्याचं समाधान.

हा समज मला उथळ वाटतो. उथळ असूनही तो शहाणपणासारखा दिसतो, म्हणून जास्त धोक्याचा वाटतो. त्यातला पहिला भाग खराच आहे. सौरऊर्जेची देशातली क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला. हे थांबणार नाही, थांबू नये. पण उद्योग वाढणं ही एक गोष्ट आणि त्या उद्योगातल्या भागधारकाचा पैसा वाढणं ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

माझं म्हणणं असं आहे: पर्यायी ऊर्जेचा शेअर घेणारा माणूस ऊन-वाऱ्यावर पैसे लावतो असं त्याला वाटतं. खरं तर तो वीज घेणाऱ्या मंडळाच्या पतीवर, दिल्लीत ठरणाऱ्या नियमांवर, कंपनीच्या कर्जावर आणि प्रवर्तकाच्या सचोटीवर पैसे लावत असतो. या चारही गोष्टींचा हवामानाशी संबंध नाही. रत्नागिरी जिल्ह्याला तर हे कुणी शिकवायची गरजच नसावी.

१. वीज घेणारा कोण?

दाभोळ गाव दापोली तालुक्यात. अमेरिकेच्या एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीचा प्रकल्प मात्र वाशिष्ठीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाणाऱ्याला खाडीच्या मुखाशी काय उभं आहे ते ठाऊक असतं. एन्रॉनबद्दल आपण भ्रष्टाचार, राजकारण, आंदोलन या अंगांनी पुष्कळ बोललो. गुंतवणूकदाराच्या अंगाने फार कमी बोललो.

१९९२ मध्ये प्राथमिक करार, डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी वीज खरेदी करार, ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारकडून तो रद्द, मग फेरवाटाघाटी, आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू. करार कागदावर भक्कम होता. मंडळाने वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच, तोही डॉलरशी बांधलेला. वर राज्याची हमी, राज्याच्या हमीवर केंद्राची प्रतिहमी. यापेक्षा पक्का कागद भारतातल्या कुठल्याही सौर कंपनीकडे आज नाही. आणि झालं काय? मंडळाने वीज कमी उचलली की स्थिर आकार थोड्याच युनिटांवर वाटला जाई. काही महिन्यांत दर सात रुपयांच्या वर गेला. मंडळ बिल भरू शकेना. २००१ च्या एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीने या व्यवहाराची चिरफाड केली, मे महिन्यात मंडळाने वीज घेणं बंद केलं, डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरवर असलेला तिचा शेअर तोवर एका डॉलरच्याही खाली आला होता. इकडे आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक यांची कर्जं अडकली, आणि २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी करावी लागली.

कुणी म्हणेल, तो वायूचा प्रकल्प, त्याचा सूर्याशी काय संबंध? इंधन महाग होतं हे खरं. पण ज्या दिवशी प्रकल्प बंद पडला त्या दिवशी यंत्रं चालू स्थितीत होती, राज्यात भारनियमन होतं, विजेला मागणी होती. बिल भरणारा तेवढा नव्हता.

सूर्य-वाऱ्याच्या बाबतीत हेच घडलं ते आंध्र प्रदेशात. जुलै २०१९ मध्ये नव्या राज्य सरकारने आधीच्या सरकारने केलेले पवन आणि सौर वीज खरेदी करार महाग ठरवून फेरवाटाघाटी सुरू केल्या. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि अंतिम निकाल लागेपर्यंत कंपन्यांना पवनसाठी २.४३ आणि सौरसाठी २.४४ रुपये असा हंगामी दर मिळत राहिला. काहींचे करार याच्या दुप्पट दराचे होते. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करारातलाच दर द्यायचा असा निकाल दिला. कंपन्या जिंकल्या. पण मधल्या काळात वारा फिरत होता, पाती फिरत होती, बँकेचं व्याजही फिरत होतं. पैसे तेवढे येत नव्हते. १९९५ ची मुंबई आणि २०१९ ची अमरावती यांत इंधन सोडून फारसा फरक मला दिसत नाही.

जून २०२२ मध्ये केंद्राने थकबाकीवर अधिभाराचे कडक नियम आणले आणि वीज वितरण कंपन्यांची जुनी देणी पुष्कळ उतरली, हे सांगायला हवं. त्यामुळे धोक्याचं रूप बदललं. आता प्रश्न बिल थकण्याचा कमी आणि करारच न होण्याचा जास्त आहे. लिलाव होतो, कंपनी जिंकते, बाजारात बातमी येते, शेअर चढतो. आणि ती वीज घ्यायला राज्यं सही करत नाहीत. असे हजारो मेगावॅट देशात पडून आहेत. राजस्थानात तर प्रकल्प उभे राहिले आणि वीज वाहून न्यायला पारेषण वाहिन्याच वेळेत झाल्या नाहीत, म्हणून भर दुपारी उत्पादन कमी करावं लागलं. 'अमुक कंपनीला इतक्या मेगावॅटचं काम मिळालं' ही बातमी वाचून शेअर घेणाऱ्याने आधी विचारावं, की सही कुणी केली आणि तार कुठवर आली.

२. ऊन फुकट असण्याची किंमत

राष्ट्रीय सौर मिशनच्या २०१०च्या पहिल्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला साधारण अकरा ते पावणेतेरा रुपये लागला. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भादल्यात तो २.४४ वर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १.९९ वर. दहा वर्षांत दर जवळपास एक षष्ठांश. देशासाठी यासारखी आनंदाची बातमी नाही. पण गुंतवणूकदाराने विचारावं, की पॅनेल स्वस्त झालं त्याचा फायदा गेला कुणाकडे? जवळपास सगळा वीज घेणाऱ्याकडे गेला.

याचं कारण या धंद्याच्या रचनेतच आहे. ऊन कुणाच्या मालकीचं नाही. पॅनेल सगळ्यांना त्याच मोजक्या कारखान्यांतून मिळतात. जमीन भाड्याने मिळते, कर्ज त्याच चार-पाच संस्था देतात. युनिट म्हणजे युनिट. माझी वीज तुझ्यापेक्षा गोड, असं म्हणायची सोय नाही. आणि कंत्राट सर्वांत कमी दर लावणाऱ्याला मिळतं. जिथे कुणालाही शिरता येतं आणि विकायची वस्तू सगळ्यांची सारखीच, तिथे जास्तीचा नफा टिकत नाही. आंबा बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. सगळीकडे एकदम पीक आलं की वाशीत पेट्या वाढतात आणि भाव कोसळतो. खाणाऱ्याची चैन होते, बागायतदाराचा फवारणीचा खर्च निघत नाही. तरी हापूसला निदान नावाचा भाव मिळतो. विजेला तोही नाही.

सनएडिसन ही अमेरिकी कंपनी एकेकाळी या क्षेत्रातली जगातली लाडकी होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिने आंध्रात ५०० मेगावॅटचं काम ४.६३ रुपये दराने जिंकलं. तेव्हाचा तो भारतातला नीचांक. पाच महिन्यांनी, एप्रिल २०१६ मध्ये, तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पॅनेल बनवणाऱ्यांचीही तीच कथा. जर्मनीची क्यू-सेल्स २०१२ मध्ये बुडाली. चीनच्या सनटेकने, जी जगातली सर्वांत मोठी पॅनेल उत्पादक होऊन गेली होती, २०१३ मध्ये रोख्यांची परतफेड चुकवली. या दोन्ही कंपन्या ज्या गोष्टीसाठी झटत होत्या ती गोष्ट, स्वस्त सौर वीज, खरोखर घडली. त्या स्वस्ताईनेच त्यांना खाल्लं.

आज भारतातल्या पॅनेल उत्पादकांचे ताळेबंद देखणे दिसतात, त्यांचा आधार वेगळा आहे. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लागलं. सरकारी प्रकल्पांत मान्यताप्राप्त यादीतलेच पॅनेल वापरायची सक्ती आली. चिनी मालाला अमेरिकेत अडथळे आले म्हणून आपल्याला तिकडे निर्यातीचं दार उघडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वारी एनर्जीजचा शेअर १,५०३ रुपयांना विक्रीला आला आणि पहिल्याच दिवशी २,५०० ला उघडला, त्याआधी दीड-दोन महिने प्रीमियर एनर्जीजचा ४५० चा शेअर ९९० च्या आसपास. हा नफा खोटा नाही. पण तो दोन राजधान्यांतल्या अधिसूचनांवर उभा आहे, आणि त्यातली वॉशिंग्टनची अधिसूचना २०२५ मध्ये किती लवकर फिरू शकते हे सगळ्यांनी पाहिलं. देशात नवे कारखाने जसजसे उभे राहतील तसतशी इथलीच आपापसातली स्पर्धाही वाढेल.

३. सुझलॉनचा हिशेब

या साऱ्याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुण्याचं आहे, आणि मराठी मध्यमवर्गाच्या खिशातून गेलेलं आहे. म्हणून ते सावकाश पाहू.

तुलसी तांती सुरतेत कापडाचा धंदा करत. वीज महाग आणि बेभरवशाची, म्हणून त्यांनी कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि त्यातून १९९५ मध्ये सुझलॉन उभी राहिली. ऑक्टोबर २००५ मध्ये कंपनी बाजारात आली, ५१० रुपये भावाने. जानेवारी २००८ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे पाच भाग झाले. म्हणजे सुरुवातीच्या गुंतवणूकदाराला आजच्या हिशेबात एक शेअर १०२ रुपयांना पडला. त्याच सुमाराला, तेजीच्या शिखरावर, हा विभागलेला शेअर चारशेच्या वर होता. पुण्या-मुंबईपासून कोकणातल्या तालुक्यांपर्यंत त्याची चर्चा होती.

मग एकेक घडत गेलं. बेल्जियमची हॅन्सन आणि जर्मनीची रीपॉवर या कंपन्या कर्ज काढून घेतलेल्या. अमेरिकेत विकलेल्या चक्क्यांच्या पात्यांना तडे गेले आणि ती बदलून द्यावी लागली. २००८ चं जागतिक संकट आलं, ऑर्डरी आटल्या, व्याज तेवढंच राहिलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने परकी चलनातल्या रोख्यांचे वीस कोटी डॉलरहून जास्त पैसे थकवले. २०१५ मध्ये जर्मन कंपनी एक अब्ज युरोला विकली, तरी कर्ज आवाक्यात येईना. मार्च २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्याही खाली गेला. त्यानंतर कर्जाची फेररचना झाली, ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच रुपये भावाने हक्कभाग विक्री झाली (तांती त्याच महिन्याच्या एक तारखेला गेले), कंपनी सावरली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर ८६ रुपयांपर्यंत पोचला. वर्तमानपत्रांनी याला पुनर्जन्म म्हटलं, आणि कंपनीपुरतं ते योग्यच होतं.

आता २००५ च्या त्या पहिल्या गुंतवणूकदाराकडे वळू. एकोणीस वर्षांनंतर, तेजीच्या टोकाला, त्याचे १०२ रुपये ८६ झाले होते. महागाई बाजूलाच ठेवू. याच काळात भारतातली पवनऊर्जेची क्षमता चार-साडेचार हजार मेगावॅटवरून ४७ हजार मेगावॅटवर गेली. दसपट! म्हणजे २००५ मध्ये ज्याने 'भारतात वारा चालणार' असं ओळखलं त्याचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला, त्याने निवडलेली कंपनी देशातली आघाडीची होती, ती टिकलीसुद्धा, आणि तरी त्याचे पैसे गेले.

हे कसं झालं? उत्तर शेअरांच्या संख्येत आहे, जी कुणी पाहत नाही. सुरुवातीला कंपनीचे, विभागणीनंतरच्या हिशेबाने, सुमारे १४४ कोटी शेअर होते. २०२४ मध्ये ते सुमारे १,३६० कोटी होते. कर्जाच्या बदल्यात बँकांना शेअर, रोख्यांच्या बदल्यात शेअर, नव्या गुंतवणूकदाराला शेअर, हक्कभाग. कंपनी प्रत्येक वेळी वाचली ती जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ करून. २०२४ च्या शिखरावर कंपनीचं एकूण बाजारमूल्य लाख कोटींच्या वर होतं, म्हणजे २००८ च्या तेजीपेक्षाही मोठं. तुमच्या शंभर शेअरांच्या वाट्याला मात्र पूर्वीच्या हिश्श्याचा जेमतेम दहावा भाग उरला होता. भांडवल खाणाऱ्या, कर्जावर चालणाऱ्या धंद्यात 'कंपनी किती मोठी होईल' एवढं विचारून भागत नाही. ती मोठी होताना माझा हिस्सा किती उरेल, हे आधी विचारावं लागतं.

४. सरकार पाठीशी आहे म्हणजे काय?

साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग दिसते. त्यातल्या बऱ्याच वाऱ्याइतक्याच प्राप्तिकरानेही उभ्या केल्या. नव्वदच्या दशकात चक्कीच्या पूर्ण किमतीवर पहिल्याच वर्षी घसारा मिळे. पुढे तो ८० टक्के झाला. नफ्यात असलेल्या कुठल्याही कंपनीने मार्चअखेर चक्की घ्यावी आणि कर वाचवावा. एप्रिल २०१२ मध्ये ही सवलत काढली, घसारा १५ टक्क्यांवर आला, आणि देशात वर्षाला ३,२०० मेगावॅटच्या घरात असलेली पवनचक्क्यांची उभारणी पुढच्या वर्षी १,७०० वर आली. २०१४ मध्ये सवलत परत दिली, २०१७ मध्ये पुन्हा ४० टक्क्यांवर आणली. त्याच फेब्रुवारीत पवन विजेचे ठरलेले दर जाऊन लिलाव आला. पहिल्याच लिलावात दर ३.४६ रुपये लागला आणि वर्ष संपेपर्यंत अडीचच्या खाली गेला. २०१६-१७ मध्ये साडेपाच हजार मेगावॅट उभे राहिले होते, पुढच्या वर्षी पावणेदोन हजार.

ही धोरणं चुकीची होती असं मी म्हणत नाही. लिलाव ग्राहकाच्या हिताचाच होता. माझा मुद्दा एवढाच, की सरकार ज्याच्या पाठीशी असतं ते ध्येय असतं. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट हे ध्येय आहे, आणि ते शक्य तितक्या कमी पैशात गाठणं हे सरकारचं कर्तव्य आहे. तुमच्या कंपनीने त्यात नफा कमवावा ही जबाबदारी सरकारने घेतलेली नाही, आणि घेऊही नये.

५. चाकणचं वीजबिल

चौथी गोष्ट प्रवर्तक. १५ एप्रिल २०२५ चा सेबीचा जेन्सोल इंजिनिअरिंगबद्दलचा अंतरिम आदेश प्रत्येक गुंतवणूकदाराने वाचण्यासारखा आहे. कंपनी सौर प्रकल्प उभारणारी, पुढे विजेवरच्या गाड्यांत शिरलेली. इरेडा आणि पीएफसी या सरकारी संस्थांकडून गाड्यांसाठी घेतलेलं कर्ज प्रवर्तकांशी संबंधित कारणांकडे वळवल्याचं सेबीने प्रथमदर्शनी नोंदवलं. त्यात गुरगावच्या एका महागड्या सदनिकेचाही उल्लेख आहे. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो त्यातला एक साधा तपशील. कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी जाऊन आला. तिथे दोन-तीन मजूर होते, उत्पादन काही चालू नव्हतं. त्याने महावितरणची बिलं मागितली. वर्षभरातलं सर्वांत मोठं मासिक बिल होतं सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांचं. गाड्यांच्या कारखान्याला हे बिल शोभत नाही, हे दापोलीतला बर्फ कारखान्याचा मालकही एका नजरेत सांगेल. तोवर एक लाखाहून जास्त लोकांनी हा शेअर घेतलेला होता, आणि त्याची तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत उडाली होती.

हिरवा शब्द लागला की माणसं हिशेब तपासायचं सोडतात. चांगल्या कामावर शंका घेणं आपल्याला अप्रशस्त वाटतं. नेमक्या याच कारणाने हे क्षेत्र लबाडाला सोयीचं जातं.

आक्षेप

*'दोन रुपयांना सुझलॉन घेणाऱ्याचं भलं झालंच ना?'* झालं. त्याने कर्जातून बाहेर पडणारी कंपनी पडेल भावाला घेतली. पोलाद असतं, साखर असती, तरी तो हिशेब तसाच लागू पडला असता.

*'मग फंडातून घ्यावं.'* फंडाने एका प्रवर्तकाचा धोका पातळ होतो, तेवढा फायदा घ्यावा. पण महाग भाव आणि बदलती धोरणं सगळ्या क्षेत्राला एकदमच लागू असतात. ती फंडातही तशीच येतात. शिवाय विषयवार फंड बाजारात येतात ते बहुधा तो विषय चढलेला असताना.

*'हे भविष्य येणारच आहे, आज महाग वाटलं तरी थांबावं.'* हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्याला मुंबईनेच १६० वर्षांपूर्वी उत्तर दिलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून बॅकबेच्या भरावाची कंपनी निघाली. पाच हजारांचा शेअर दसपटीच्या आसपास गेला. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला, प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्य बुडाले. बॅकबेवर पुढे भराव पडलाच. मरीन ड्राइव्ह आज त्याच किनाऱ्यावर आहे, आणि तिथल्या जमिनीचा भाव कुणाला सांगायला नको. अंदाज खरा होता. तो खरा ठरेपर्यंत शेअरवाल्यांची पिढी संपली होती.

*'आपण पैसे घातले नाहीत तर पवनचक्क्या उभ्या कशा राहणार?'* हा नैतिक आक्षेप आहे आणि तो मी मनापासून घेतो. पण बाजारात तुम्ही शेअर घेता तेव्हा पैसे तो विकणाऱ्याला जातात. कंपनीला त्यातला रुपया मिळत नाही. नव्या विक्रीतही पैसा नेमका कुठे जातो ते पाहावं लागतं. ऑगस्ट २०१९ मधली स्टर्लिंग अँड विल्सन सोलरची ३,१२५ कोटींची संपूर्ण विक्री जुन्या मालकांच्या शेअरांची होती. कंपनीचं देणं ते त्या पैशातून फेडणार होते, त्याला मुदतवाढ मागितली गेली आणि शेअर कोसळला. प्रीमियरच्या २,८३० कोटींतला निम्म्याहून जास्त पैसा जुन्या भागधारकांकडे गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनटीपीसी ग्रीनने उभे केलेले १०,००० कोटी कंपनीतच आले, पण त्यातले ७,५०० कोटी उपकंपनीच्या कर्जफेडीसाठी होते. यात बेकायदा काही नाही, सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं. पण यातल्या बहुतेक रुपयांनी नवी चक्की उभी राहत नाही.

मग दापोलीकराने पैसा कुठे घालावा?

पर्यावरणासाठी घालायचा असेल तर जिथे तो थेट पॅनेलमध्ये उतरतो तिथे घालावा, आणि त्यातली सर्वांत जवळची जागा स्वतःचं छप्पर आहे. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. तीन किलोवॅटमधून वर्षाला साधारण साडेतीन ते चार हजार युनिट वीज होते. महिन्याला तीनशे युनिट जाळणाऱ्या घराचा, म्हणजे एसी लावणाऱ्या, पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घराचा उरलेला खर्च काही वर्षांत बिलातूनच वसूल होतो. इथे वीज घेणाराही आपणच आणि बिल भरणाराही आपणच. पहिल्या मुद्द्यातला सगळा धोका नाहीसा होतो.

इथेही हिशेब सोडू नये. कोकणातली अनेक घरं गणपती आणि शिमगा सोडला तर बंद असतात. चाकरमानी मुंबईत, बिल शंभर युनिटांच्या आत. तिथे पॅनेल बसवून उरलेली वीज महावितरणला दिली तर तिचा मोबदला फारच कमी मिळतो. कौलारू छपरावर सांगाडा बसवणं अवघड, स्लॅब लागतो. पावसाळ्याचे चार महिने उत्पादन घटतं, खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हर्णै-आंजर्ले-केळशी पट्ट्यात खांब आडवे केले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तेव्हापासून लोकांना वाटतं, सोलर असतं तर दिवे लागले असते. लागले नसते. बॅटरीशिवायची यंत्रणा महावितरणचा पुरवठा गेला की स्वतःहून बंद होते. खांबावर चढलेल्या वायरमनला उलटा धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. अंधारासाठी घ्यायची असेल तर बॅटरीचा खर्च धरूनच हिशेब करावा आणि सांगाड्याची पकड वादळाच्या वाऱ्याला पुरेल अशी करून घ्यावी.

शेअरच घ्यायचे असतील तर बातमी बाजूला ठेवून वार्षिक अहवालातली चार पानं वाचावीत. येणी किती महिन्यांची थकली आहेत आणि कुणाकडे. नफ्यातला किती भाग व्याजात जातो. पाच वर्षांत शेअरांची संख्या किती वाढली. प्रवर्तकांनी आपले शेअर किती गहाण ठेवले आहेत. हे वाचूनही घ्यावासा वाटला, आणि भाव कमाईच्या अवाजवी पटीत नसला, तर जरूर घ्यावा. अशा कंपन्या असतात. पण त्या शोधाव्या लागतात.

आणि माझ्या मते या तालुक्याचा खरा सौर उद्योग अजून कुणी हातातच घेतलेला नाही. आंबा प्रक्रियेचे कारखाने एप्रिल-मेमध्ये दिवसभर चालतात, नेमक्या त्याच महिन्यांत ऊन सर्वांत कडक असतं. हर्णै बंदरातल्या मासळीला लागणारा बर्फ करायला, शीतगृहं थंड ठेवायला लागणारी वीज दिवसासुद्धा लागतेच, आणि ती घरगुती नसते. जिथे वीज तयार होते तिथेच, त्याच वेळी ती वापरली जाते; मधे ना लिलाव, ना पारेषणाची तार, ना राज्याची सही. यासाठी लागणारं भांडवल प्रत्येक कारखान्याला काही लाखांचं आहे, आणि तेवढ्या ठेवी दापोलीच्या पतपेढ्यांत आहेत. कर्जाचा हप्ता वाचलेल्या वीजबिलातून फिटेल का, हे कारखान्याच्या गेल्या बारा महिन्यांच्या बिलांवरून अर्ध्या तासात काढता येतं. पतपेढीच्या संचालकांनी ती बिलं मागवून घ्यावीत.